जुन्या राजेशाही मोटारींच्या कमान-पाट्यांची टिकाऊपणा चाचणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साधारण १९०५ ते १९३० या काळातल्या मोठ्या, महागड्या मोटारींच्या कमानी (लीफ स्प्रिंग) नव्याने बनवून घेणाऱ्यांसाठी, त्या तपासणाऱ्यांसाठी आणि दुरुस्त करणाऱ्यांसाठी हे पान आहे. उदाहरण मुख्यतः रोल्स-रॉइसच्या ४०/५० म्हणजे सिल्व्हर घोस्टचं घेतलं आहे, कारण या गाडीच्या चाचण्यांची नोंद चांगली आहे. गॅरेजात ‘पाटा’ हा शब्द दोन्ही अर्थांनी चालतो. इथे मात्र ‘पाटा’ म्हणजे एक पट्टी आणि ‘कमान’ म्हणजे पाट्यांचा पूर्ण संच.

या गाड्यांना कोणत्या प्रकारच्या कमानी होत्या?

पुढे जवळजवळ सगळीकडे अर्धलंबवर्तुळाकार कमान, म्हणजे आजही ट्रकखाली दिसते तीच. घोडागाड्यांच्या कमानींचं पेटंट ओबाडाया इलियट यांनी इंग्लंडमध्ये १८०४ साली घेतलं आणि मोटारीला हे घराणं तिथूनच मिळालं. मागच्या बाजूला मात्र बरेच प्रयोग झाले. सिल्व्हर घोस्टला आधी आडव्या कमानीची प्लॅटफॉर्म रचना होती, मग पाऊण-लंबवर्तुळाकार आली आणि नंतर कॅंटिलिव्हर. रोल्स-रॉइसच्याच १९२९ च्या फँटम टू मध्ये मागेही अर्धलंबवर्तुळाकार कमानच आली.

प्रकार आधी ओळखायचा, कारण चाचणीची मांडणी त्यावरच ठरते. अर्धलंबवर्तुळाकार कमानीत ॲक्सल मध्यावर वर ढकलतो आणि दोन्ही टोकं चासीला असतात. कॅंटिलिव्हरमध्ये मध्य चासीवरच्या खुंट्यावर फिरतो, मागचं टोक ॲक्सलवर आणि पुढचं टोक चासीला. दोन्ही हात सारखे असतील तर खुंट्यावर ॲक्सलच्या दुप्पट जोर येतो आणि पुढच्या टोकाशी चासी खाली ओढली जाते. अशी कमान साध्या रिगवर (कमान दाबून पाहण्याच्या चाचणी-सांगाड्यावर) उलटी-सुलटी कशीही ठेवून दाबली, तर मिळालेल्या आकड्यांना अर्थ राहत नाही.

त्या काळी कारखाने कमानी कशा तपासत?

मुख्य चाचणी रस्त्यावरच होई. १९०७ मध्ये ‘सिल्व्हर घोस्ट’ हे नाव ज्या गाडीला मिळालं, ती चासी क्रमांक ६०५५१, रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखाली १५,००० मैल चालवली. त्यातले १४,३७१ मैल बिघाडामुळे थांबावं न लागता झाले. नंतर गाडी पूर्ण उघडून प्रत्येक भाग मोजला, आणि ती नव्यासारखी करायला लागणाऱ्या भागांची किंमत २ पौंड २ शिलिंग ७ पेन्स निघाली. आमच्या दृष्टीने या चाचणीतली मोलाची गोष्ट मैलांचा आकडा नाही. चाचणी संपल्यावर सगळं उघडून मोजलं, ही आहे. न उघडता ‘पास’ म्हटलेली कमान आतून तडकलेली असू शकते.

पुढे रोल्स-रॉइसच्या डर्बीच्या कारखान्यात उंचवटे बसवलेल्या फिरत्या ड्रमवर गाडी जागच्या जागी आदळवण्याचं यंत्र आलं. महिनोन् महिने रस्त्यावर लागणारा त्रास अशा यंत्रावर थोड्या तासांत देता येतो. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात प्रायोगिक गाड्या फ्रान्समध्ये शातोरूला तळ ठोकून लांब सरळ रस्त्यांवरही पळवल्या जात.

आपल्याकडचा दुवाही खरा आहे. १९०८ मध्ये ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाची सिल्व्हर घोस्ट मुंबई-कोल्हापूर मार्गावर सहा घाट पार करत ६२० मैल चालवली होती. घाटात कमानीला नुसता हेलकावा नसतो. उतारावर ब्रेक लागला की ॲक्सल स्वतःभोवती फिरू पाहतो आणि कमान इंग्रजी ‘एस’सारखी पिळवटते. वर-खाली दाबणाऱ्या साध्या रिगवर हा ताण येतच नाही.

कमान जास्त वजनाने तुटते का?

क्वचित. एकदाच जास्त वजन पडलं तर कमान तुटण्याऐवजी ‘बसते’, म्हणजे तिची उंची कायमची कमी होते. तुटते ती धातूच्या थकव्याने: लाखो वेळा कमी-जास्त होणारा ताण, पृष्ठभागावरचा एखादा ओरखडा किंवा गंजाचा खड्डा, आणि सैल पकड (म्हणजे कमान ॲक्सलशी आवळून धरणाऱ्या यू-बोल्टांची). ताणाचा पल्ला, पृष्ठभाग आणि पकड या तिन्ही गोष्टी चाचणीत गाडीसारख्याच नसतील, तर ती चाचणी दुसऱ्याच कुठल्यातरी कमानीची झाली असं समजावं.

हिशेब कसा करायचा?

एक नमुना घेऊ. दोन्ही टोकांतलं अंतर १,२०० मि.मी., ८ पाटे, रुंदी ५५ मि.मी., जाडी ७ मि.मी., मध्यावर भार ४,५०० न्यूटन, म्हणजे सुमारे ४६० किलो.

ताण = ३ × भार × लांबी ÷ (२ × पाटे × रुंदी × जाडीचा वर्ग). उत्तर सुमारे ३७६ मेगापास्कल.

लवचिकतेचा गुणांक २.०६ लाख मेगापास्कल धरला तर ही कमान त्या भाराखाली सुमारे ९४ मि.मी. लवते. म्हणजे कडकपणा ४८ न्यूटन प्रति मि.मी., आणि गाडीचा हेलकावा मिनिटाला सुमारे ९८ वेळा.

लक्षात ठेवायची गोष्ट अशी की या कमानीत प्रत्येक मिलिमीटर लवण्यामागे ताण ४ मेगापास्कलने वाढतो. रिगवर ती ९४ च्या मध्यापासून ५० मि.मी. वर-खाली हलवली, तर ताण १७६ ते ५७७ मेगापास्कल या पल्ल्यात फिरतो. चाचणीच्या कागदावर हाच पल्ला लिहिला पाहिजे. ‘एक लाख फेरे झाले’ एवढंच लिहिलेला अहवाल आला तर तो परत पाठवावा.

हे सूत्र सगळ्या पाट्यांवर ताण सारखा आहे असं धरतं. प्रत्यक्षात पूर्ण लांबीच्या, म्हणजे मुख्य पाट्यावर, काहीच उपाय केला नाही तर, उतरत्या लांबीच्या पाट्यांच्या दीडपट ताण येतो. उपाय म्हणजे निप.

निप म्हणजे काय आणि ती कशी तपासायची?

सुटे पाटे एकावर एक ठेवले की मध्यावर फट दिसते, तीच निप, कारण प्रत्येक आखूड पाटा वरच्या पाट्यापेक्षा थोडा जास्त वाकवलेला असतो. सगळे पाटे मध्यावर एकत्र बांधणारा सेंटर बोल्ट आवळला की फट मिटते. मुख्य पाटा गाडीवर चढण्याआधीच उलट्या बाजूने थोडा ताणला जातो आणि भार आल्यावर त्याच्या वाट्याला कमी ताण येतो. नव्याने बनवलेल्या कमानी लवकर तुटण्याचं आम्हाला सगळ्यात जास्त दिसणारं कारण हेच: सगळे पाटे एकाच फर्म्यावर एकाच गोलाईने वाकवलेले असतात. बाहेरून कमान सुबक दिसते, पण निप शून्य.

तपासताना पाटे सुटे करून लगतची प्रत्येक जोडी हाताने टेकवा आणि मध्यावरची फट फीलर गेजने (फटीत सरकवायच्या मापाच्या पातळ पत्र्यांनी) मोजून लिहा. फट मुख्य पाट्याकडून खाली क्रमाने बदलली पाहिजे. एखाद्या जोडीत फट उलटी, म्हणजे टोकांकडे दिसली, तर ती कमान रिगवर चढवू नये.

सेंटर बोल्ट सोडताना कमान आधी बाकावरच्या मजबूत शिकंज्यात किंवा दोन सी-क्लॅम्पांत पकडा आणि शिकंजा हळूहळू सैल करा. आतली शक्ती एकदम सुटली तर बोट जातं.

संख्येने कमी पण जाड पाटे चांगले, की जास्त पण पातळ?

मऊ चालीच्या गाडीसाठी पातळ आणि जास्त. कमान ठराविक अंतर लवली की येणारा ताण जाडीच्या सरळ प्रमाणात असतो. वरच्या नमुन्यात ७ ऐवजी ६ मि.मी. पाटे घेतले तर तेवढ्याच लवण्याला ३७६ ऐवजी ३२२ मेगापास्कल ताण येतो. मात्र कडकपणा तोच राखायला ८ च्या जागी १३ पाटे लागतात. जुन्या राजेशाही गाड्यांच्या कमानी पुस्तकाच्या पानांसारख्या दाट दिसतात, त्यामागे हे कारण आहे. याची किंमत म्हणजे घर्षण आणि देखभाल. तेरा पाट्यांत घासणारे बारा जोड असतात आणि प्रत्येकाला ग्रीस हवं.

‘आजचं पोलाद चांगलं आहे, पाच जाड पाट्यांत काम होईल’ असा सल्ला बऱ्याचदा मिळतो. तो मानू नका. कडकपणा जुळवता येतो, पण त्याच खड्ड्यात ताणाचा पल्ला वाढतो आणि आयुष्य घटतं. थकव्याच्या आलेखाचा (ताणाचा पल्ला विरुद्ध तुटेपर्यंतचे फेरे) उतार ४ धरला तर पल्ला २० टक्के वाढल्यावर आयुष्य निम्म्याहून खाली येतं.

पोलाद कोणतं घ्यावं?

त्या काळात साधं उच्च-कार्बन पोलाद, सिलिको-मँगनीज आणि क्रोम-व्हॅनेडियम अशी तिन्ही वापरात होती. आज ६०एसआय७ सारखं सिलिको-मँगनीज किंवा ५०सीआर४व्ही२ जातीचं क्रोम-व्हॅनेडियम सहज मिळतं आणि दोन्ही चालतात. तेलात पाणी देऊन (तापवून तेलात बुडवून कडक करून) मग भट्टीत पाणी उतरवल्यावर (बेताने तापवून कडकपणा कमी केल्यावर) कठीणपणा ३९० ते ४६० ब्रिनेलच्या (गोळी दाबून, ठसा मोजून काढलेल्या मापाच्या) दरम्यान असावा. त्याहून कमी असेल तर कमान बसते, जास्त असेल तर छोट्या ओरखड्यालाही घाबरते.

जातीपेक्षा पृष्ठभाग महत्त्वाचा. भट्टीत हवा जास्त आणि वेळ लांबला तर वरच्या थरातला कार्बन जळून जातो. आत चांगलं पोलाद आणि वर मऊ साल अशी स्थिती होते, आणि तडा नेमका त्या सालीत जन्मतो. पाट्याचा तुकडा आडवा कापून, पॉलिश करून सूक्ष्मदर्शकाखाली ही साल मोजून घ्या. नुसता ब्रिनेलचा ठसा ती दाखवत नाही, कारण गोळी साल भेदून आत जाते.

शॉट पीनिंग करावं का? मूळ गाडीला तर नव्हतं.

शॉट पीनिंग म्हणजे पोलादाच्या बारीक गोळ्यांचा मारा करून पृष्ठभाग ठोकून घेणं. ते करावं. बाहेरून ते दिसत नाही आणि आयुष्य पुष्कळ वाढतं. ते ओढ येणाऱ्या बाजूला हवं. भार आल्यावर कमान सपाट होते तेव्हा ओढ अंतर्गोल बाजूला येते, म्हणजे अर्धलंबवर्तुळाकार कमानीत वरच्या बाजूला. कॅंटिलिव्हर बहुधा पाठ वर करून बसलेली असते, तिथे खालच्या बाजूला. चुकीची बाजू पीन करून आलेले पाटे पाहण्यात येतात, म्हणून प्रत्येक पाट्यावर खडूने बाण काढून पाठवा.

रिगवर चढवण्याआधी काय करायचं?

आधी स्क्रॅगिंग. गाडीत कमान जास्तीत जास्त जितकी दबेल त्याच्या थोडी पुढेपर्यंत तिला प्रेसवर सावकाश पाच-सहा वेळा दाबायचं. पहिल्या दोन दाबांत उंची काही मिलिमीटर कमी होते, नंतर थांबते. चौथ्या-पाचव्या दाबालाही ती कमीच होत राहिली तर हार्डनिंग-टेम्परिंग चुकलं आहे. तिथेच थांबा.

मग भार चढवताना आणि उतरवताना दर १० मि.मी. ला वाचन घ्या. दोन रेषा एकावर एक येत नाहीत, मधे एक फुगीर पट्टा राहतो. तोच पाट्यांमधल्या घर्षणाचा हिशेब. समजा ९४ मि.मी. वर चढताना ४,८०० आणि उतरताना ४,२०० न्यूटन आले, तर घर्षण दोन्ही बाजूंना ३०० न्यूटन. हा पट्टा चाचणीआधी आणि नंतर दोन्ही वेळा काढा. तो अचानक रुंद झाला तर ग्रीस संपलं आहे किंवा पाटे एकमेकांना खाऊ लागले आहेत.

रिग कशी मांडावी?

एक टोक स्थिर पिनेवर आणि दुसरं खऱ्या शॅकलवर (कमानीचं टोक चासीला जोडणाऱ्या झुलत्या दुव्यावर). शॅकलच्या जागी रूळ चालतो, पण मग शॅकलच्या कोनामुळे कडकपणात होणारा बदल धरला जात नाही. मध्यावर गाडीचाच ॲक्सल पॅड, त्याच लांबीचा, आणि मूळ मापाचे यू-बोल्ट. पॅड जर २० मि.मी. आखूड केला तर लवणारी लांबी वाढते आणि तुटण्याची जागाही सरकते. रुंदीच्या दिशेने कमान तिरकी बसता कामा नये. दोन्ही टोकांना डायल गेज लावून पाहा.

यू-बोल्ट पहिल्या हजार फेऱ्यांनंतर पुन्हा आवळा. पाट्यांमधला रंग, गंजाची भुकटी आणि जादा ग्रीस चेपून निघतं आणि पकड सैल होते. गाडीवरही हेच घडतं.

किती फेरे, किती वेगाने?

सेकंदाला दोन फेरे हा बरा वेग. एक लाख फेऱ्यांना सुमारे १४ तास लागतात. याहून वेगाने चालवलं तर पाट्यांमधलं घर्षण कमान तापवतं, ग्रीस पातळ होऊन वाहून जातं आणि निकाल वेगळाच येतो. हात लावून चटका बसत असेल तर वेग कमी करा.

ड्रमवरची चाचणी करायची असेल तर २ मीटर व्यासाच्या ड्रमचा घेर ६.२८ मीटर होतो. ताशी ३० कि.मी. वेगाला, एका फेऱ्यात एक उंचवटा धरून, तासाला सुमारे ४,७७५ धक्के. डाव्या-उजव्या चाकाखालचे उंचवटे एकाच वेळी येऊ देऊ नका, नाहीतर चासीची पिळवट तपासायची राहून जाते. टायरही त्या काळासारखे जास्त दाबाचे आणि अरुंद हवेत. आजचे मऊ टायर धक्क्याचं टोकच बोथट करतात.

एका कमानीच्या निकालावर काही ठरवू नये. थकव्याच्या आयुष्यात एकाच भट्टीतल्या, एकाच हाताच्या कमानींतही बराच फरक पडतो. निदान सहा नमुने तुटेपर्यंत चालवा आणि सर्वांत आधी तुटलेल्या नमुन्याकडे सर्वांत जास्त लक्ष द्या. आधुनिक कमानींसाठी आयएस ११३५ हे भारतीय मानक आहे. कारखान्याशी बोलताना त्याचा आधार घ्या, पण भार आणि पल्ला तुमच्या गाडीचाच द्या.

चाचणीला भार कोणता धरायचा?

तुमच्या गाडीच्या बॉडीचा. त्या काळी कारखाना चासी विकत असे आणि बॉडी दुसरा कारागीर बांधत असे. उघडी टुरर आणि सात माणसांची लिमोझिन यांच्या वजनात शेकडो किलोंचा फरक पडतो, म्हणून कमानी बॉडीचं वजन पाहून दिल्या जात. मधल्या काळात बॉडी बदललेली असेल तर जुन्या कमानीची नक्कल म्हणजे चुकीचीच नक्कल. चारही चाकं वेगवेगळ्या काट्यांवर ठेवून वजन करा आणि त्यातून ॲक्सल, चाक, ब्रेक यांचं वजन वजा करा. ते कमानीवर येत नाही.

कमान कुठे आणि का तुटते?

सेंटर बोल्टच्या भोकातून तुटली तर नव्वद टक्के दोष पकडीचा असतो. यू-बोल्ट घट्ट असताना पॅडखालचा भाग लवतच नाही, त्यामुळे तिथलं भोक निरुपद्रवी असतं. बोल्ट सैल झाले की तो भाग लवू लागतो, आणि मग भोकाशी ताण कित्येक पटींनी वाढतो.

पॅडच्या कडेला तुटली तर पॅडची कड धारदार आहे का ते पाहा. तिला २-३ मि.मी. ची गोलाई द्या आणि मधे पातळ जस्ताची किंवा कापडी पट्टी घाला.

दुसऱ्या पाट्याच्या टोकापाशी मुख्य पाटा तुटणं ही फसवी जागा आहे. आखूड पाट्याचं टोक चौकोनी कापलेलं असेल तर ते वरच्या पाट्यात खोबण कोरतं. तिथे तांबूस-तपकिरी भुकटी दिसते. बाहेरून ती साध्या गंजासारखी वाटते, पण बोटावर घेतली तर मैद्यासारखी बारीक लागते. टोकं निमुळती करून कडा मोडल्या की हा दोष बराच कमी होतो.

टोकाच्या गोल घडीतली, म्हणजे आयमधली तूट बहुतेकदा बुश (पिनेभोवतीची नळी) जाम झाल्याने होते. शॅकल फिरायला हवं तिथे फिरत नाही आणि पाट्याचं टोक पिळवटतं. फँटम टू सारख्या गाड्यांना एकाच ठिकाणाहून सगळीकडे तेल पोचवणारी बिजूर पद्धत होती. तिची एखादी नळी तुंबली तर नेमकं हेच घडतं, आणि बाहेरून कळत नाही.

तुटलेल्या पाट्याकडे पाहून कारण कळतं का?

बरंच कळतं, फक्त तुटलेले तुकडे एकमेकांवर घासू नका आणि वायर ब्रशने साफ करू नका. उन्हात तिरक्या प्रकाशात धरा. एक भाग गुळगुळीत दिसेल, त्यावर शिंपल्याच्या पाठीवर असतात तशा रेघा असतील. त्या रेघांचं केंद्र म्हणजे तडा सुरू झाला ती जागा. उरलेला भाग खडीसाखरेसारखा खरखरीत आणि चमकता असेल, तो शेवटच्या क्षणी तुटला. गुळगुळीत भाग मोठा असेल तर ताण बेताचा होता आणि तडा पुष्कळ दिवस वाढत होता. तो भाग काळपट किंवा गंजलेला असेल तर गाडी तडकलेल्या पाट्यावर कित्येक महिने चालली आहे. गुळगुळीत भाग नाहीच, सगळं खरखरीत, तर पोलादाला पाणी जास्त चढलं होतं.

मूळ जुनी कमान थकवा-चाचणीला लावावी का?

नाही. शंभर वर्षांच्या कमानीचं किती आयुष्य खर्च झालं हे कोणीच मोजलेलं नाही, आणि चाचणीत उरलेलंही जाईल. तिच्यासाठी एवढं पुरे: पाटे सुटे करणं, चुंबकीय कणांनी तडे शोधणं, जाडी आणि उंची मोजणं, आणि सावकाश एकदा कमाल भारापर्यंत दाबून उंची परत येते का ते पाहणं. थकवा-चाचणी नव्या नकलेच्या नमुन्यांवर करावी.

पाटा वेल्ड करता येतो का?

नाही, कुठेही नाही. शॅकलजवळ चासीवर वेल्डिंग करतानाही ठिणग्या पाट्यावर पडू देऊ नका. एका ठिणगीने पडलेला कडक ठिपका तडा सुरू करायला पुरतो.

पाट्यांना निकल किंवा जस्ताचा मुलामा दिला तर?

धोका आहे. ॲसिडच्या टाकीत आणि विद्युत-मुलाम्यात हायड्रोजन पोलादात शिरतो. इतकं कठीण पोलाद मग नुसतं ताणून ठेवलं तरी काही तासांत किंवा दिवसांत आपोआप तडकतं. मुलामा दिलाच असेल तर लगेच १९० ते २२० अंशांवर बरेच तास भट्टीत ठेवावं लागतं, पण आमचा सल्ला पातळ काळ्या रंगाचा. तोही जोडणीआधी घासणाऱ्या बाजूंना लावू नका.

ग्रीस कोणतं आणि चामड्याचं वेष्टण ठेवावं का?

ग्रॅफाइटयुक्त ग्रीस, पातळ हात. वेष्टण ठेवावं, कारण आपल्या धुळीत उघडं ग्रीस पॉलिश पेस्टसारखं घासतं. पावसाळ्यानंतर मात्र वेष्टण उघडून पाहायलाच हवं. आत अडकलेलं पाणी गंजाचे खड्डे पाडतं, आणि असा एकेक खड्डा म्हणजे तड्याला तयार जागा. कमान चाचणीला लावतानाही वेष्टण चढवूनच लावा.

एकच पाटा तुटला, तेवढाच बदलला तर?

तात्पुरता चालेल. नवा पाटा ताठ आणि बाकीचे बसलेले, त्यामुळे निप बिघडते आणि नव्या पाट्यावर जास्त भार येतो. तोच पुन्हा तुटतो. कायमच्या कामात ॲक्सलच्या दोन्ही कमानी एकत्र उघडून सगळ्या पाट्यांची गोलाई नव्याने जुळवा. दोन कमानींच्या उंचीत ५ मि.मी. हून जास्त फरक राहू देऊ नका.

पास झालेली कमान गाडीवर बसवल्यावर काय पाहायचं?

शॅकलच्या पिना गाडी जमिनीवर पूर्ण भारात उभी असताना शेवटच्या आवळा, जॅकवर असताना नाही. १०० कि.मी. आणि पुन्हा ५०० कि.मी. झाल्यावर यू-बोल्ट तपासा. जमिनीपासून चासीपर्यंतची उंची चारही कोपऱ्यांवर मोजून लॉगबुकात लिहा आणि दर पावसाळ्यानंतर त्याच जागी, त्याच टायर-दाबाला पुन्हा मोजा. एखादा कोपरा १० मि.मी. ने खाली आला तर कमान उतरवून पाटे सुटे करा.